बुडाला लागलेली बियर आणि म्हापशाचा टोप

घरी केलेल्या बियरला तिसऱ्यांदा तोच वास आला तेव्हा मी यीस्टला शिव्या देणं थांबवलं. बाटली उघडून ग्लासात ओतली तर रंग नेहमीपेक्षा काळपट, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या मागे बुडाला लागलेल्या खिरीची कडवट, धुरकट चव. बियरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा स्वच्छ असतो, येतो आणि जातो. हा जाता जाईना. पहिल्या वेळी म्हटलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, जुना असेल. दुसऱ्या वेळी उन्हाळ्यावर ढकललं. गोव्यात खापर फोडायला उकाडा कायम हाताशी असतो.

मग रिकामं भांडं अंगणात नेऊन उन्हात तिरकं धरलं आणि आत पाहिलं. बुडावर तपकिरी रंगाचं एक कडं होतं, बांगडीसारखं गोल, शेगडीच्या बर्नरच्या बरोब्बर मापाचं. कड्याच्या आत स्वच्छ, बाहेर स्वच्छ, ज्योत जिथे टेकत होती तेवढीच जागा करपलेली. दोष मॉल्टचा नव्हता, यीस्टचाही नव्हता. स्वस्तात मिळाला म्हणून खूश होऊन आणलेल्या त्या चकचकीत, पातळ स्टीलच्या टोपाचा होता.

त्यानंतर घरी बियर करणाऱ्या ओळखीच्या मंडळींशी बोललो. एकाची दर वेळी उतू जाते. दुसऱ्याला दोन तास गॅस जाळूनही खळखळून उकळी येत नाही. तिसरा वीस लिटरच्या हिशेबाने बसतो आणि सोळा लिटर घेऊन उठतो. तक्रारी वेगवेगळ्या, पण खोदत गेलं की प्रत्येकाची वाट टोपापाशी जाऊन थांबते. म्हणून टोपाबद्दलच लिहितो.

आधी एक गोष्ट हातावेगळी करतो. गोव्यात दारू गाळणाऱ्या भट्ट्या पिढ्यानपिढ्या आहेत, काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण म्हणून घरात काहीही शिजवायला मोकळीक आहे असं नव्हे. मद्यनिर्मिती अबकारी खात्याच्या कायद्याखाली येते. सुरुवात करण्यापूर्वी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून घ्या. आणि बियरच्या टोपावर झाकण लावून, नळी जोडून 'जरा गाळून बघूया' हा विचार परवान्याशिवाय मनातही आणू नका.

किती मोठा टोप

दुकानदार सांगतो ते लिटर काठोकाठ भरल्यावरचे. ते ऐकायचे आणि सोडून द्यायचे. खिशात टेप न्यावी, आतला व्यास आणि आतली उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, त्याला ०.७८५ ने गुणून १००० ने भागलं की खरे लिटर मिळतात. ३६ व्यास आणि ३६ उंचीचा टोप साडेछत्तीस लिटरचा होतो. ३२ बाय ३२ चा साडेपंचवीस-पावणेसव्वीसचा. दिसायला दोघांत चार बोटांचा फरक, पण पोटात अकरा लिटरचा.

आता गरज किती ते पाहू. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे तयार पाक वापरणार असाल तर पंधरा लिटरचं पातेलंही चालतं. दहा लिटर उकळायचं आणि उरलेलं पाणी नंतर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, घालायचं. असं करणारा नवा माणूस चाळीस लिटरचा टोप घेऊन बसला असेल तर त्याला कुणीतरी गंडवलंय.

पण धान्यापासून सुरुवात करत असाल, म्हणजे दळलेला मॉल्ट कापडी पिशवीत घालून पूर्ण पाण्यात भिजवणार असाल, तर हिशेब असा बसतो. शेवटी हवेत २० लिटर. तळाच्या गाळात दीड लिटर जातं. तासाभराच्या उकळीत तीन-साडेतीन लिटर वाफ होऊन उडतं. पाच किलो धान्य चारेक लिटर पाणी पिऊन टाकतं. झाले २९ लिटर. शिवाय धान्य स्वतः तीन-सव्वातीन लिटर जागा अडवतं. म्हणजे पिशवी आत असताना पातळी बत्तीसच्या वर जाते. ३६ बाय ३६ मध्ये हे बसतं, आणि पिशवी काढल्यावर उकळायला २५ लिटर राहतं, तेव्हा वर वीतभर नाही तरी अकरा सेंटिमीटर मोकळे मिळतात.

या मापाची मला आवडलेली गंमत म्हणजे ३६ सेंटिमीटर व्यासाच्या टोपात एक लिटर पाणी जवळजवळ एक सेंटिमीटर चढतं. वेगळी खुणांची काठी लागत नाही. शाळेतली स्टीलची पट्टी आत उभी धरली की सेंटिमीटर म्हणजे लिटर. उकळत्या वर्टची, म्हणजे मॉल्टच्या त्या गोड पाण्याची, पातळी मोजताना मात्र लक्षात असू द्या की ते गार पाण्यापेक्षा सुमारे चार टक्के फुगलेलं असतं. गरम पंचवीस म्हणजे गार चोवीस. 'एक लिटर कुठे गेला' या कोड्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

बुडाला लागतं

माझं मूळ दुखणं हे, म्हणून यावर जास्त बोलतो.

स्टेनलेस स्टील दिसायला राजबिंडं, पण उष्णता पसरवण्यात अगदी मठ्ठ. अल्युमिनियम त्याच्यापेक्षा दहापटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं. पातळ स्टीलच्या बुडावर ज्योत पडली की तेवढाच गोल तापतो, आजूबाजूला बातमीही पोचत नाही. त्या गोलावर साखर, पीठ, प्रथिनं येऊन बसतात आणि करपतात. जाड अल्युमिनियमच्या बुडात तीच उष्णता सगळीकडे पसरते.

म्हणून स्वस्तात हवं असेल तर जर्मलचा टोप घ्या. आपल्याकडे अल्युमिनियमला अजूनही जर्मल म्हणतात, आणि लग्नकार्यात, देवळातल्या समाराधनेत भात शिजतो तोही बहुतेक त्याच टोपात. पण तोही पातळ घेतलात तर माझ्याच वाटेने जाल.

पत्र्याची जाडी दुकानात गेजवर सांगतात, आणि तिथे उलटा कारभार असतो. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ म्हणजे अडीचच्या थोडं वर, १४ म्हणजे दोन, १६ म्हणजे दीडच्या किंचित वर. दुकानदार 'बारा गेज' म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही? गरजच नाही. जर्मल किलोवर विकलं जातं, आणि तागडी खोटं बोलत नाही. ३६ बाय ३६ चा टोप झाकणाशिवाय साडेतीन-पावणेचार किलो भरला तर तो बारा गेजच्या आसपास. साडेचार भरला तर दहा. सव्वादोनच भरला तर सोळा, तो तिथेच ठेवून चहा प्यायला जा. माझा स्टीलचा टोप घरी आल्यावर वजन केला. तो पावणेतीन किलो भरला. स्टील अल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं, त्यामुळे या वजनाचा पत्रा पाऊण मिलिमीटरसुद्धा होत नाही. मी वीस लिटर साखरपाणी पत्र्याच्या डब्यात उकळत होतो म्हणायला हरकत नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात एकात एक रचलेले टोप होते, सर्वांत लहान आत, सर्वांत मोठा बाहेर. दुकानदार वयस्क. मी मोठ्याकडे बोट दाखवलं तसा त्याने आधी मलाच न्याहाळलं.

"कितल्या मनशांचें जेवण?"

"जेवण नाही हो बाब. पाणी उकळायचंय."

"पाणी?" त्याने हातातला पातळ टोप खाली ठेवला. "पाण्याक हो पुरो." आणि दुसरा, आणखी पातळ टोप पुढे केला.

मग खरं सांगितलं की खिरीसारखं काहीतरी आहे, तासभर उकळायचंय, खाली लागता कामा नये. त्याचा चेहराच बदलला. खीर म्हटल्यावर माणूस कामाचा निघाला असं त्याला वाटलं असावं. मागच्या बाजूने त्याने एक मळकट टोप ओढून आणला, उपडा केला आणि बुडाच्या मधोमध अंगठा दाबला. "हांगा दाम." म्हणजे इथे दाब. मी दाबला. बूड हललं नाही. आधीच्या टोपाच्या बुडावर अंगठा दाबल्यावर तेलाच्या डब्यासारखं टक्क वाजलं होतं. तागडीवर टोप पावणेचार किलो भरला. पातळ्याच्या दीडपट पैसे गेले, आणि तरी तेवढ्या मापाच्या चांगल्या स्टीलच्या टोपापेक्षा पुष्कळ स्वस्त पडला. आकडा लिहीत नाही, धातूचा भाव रोज हलतो.

बुडावर चिन्ह बघा. भांड्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं करणारा केंद्राचा आदेश २०२४ मध्ये आला. अल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६०, स्टेनलेससाठी आयएस १४७५६. भंगार वितळवून ओतलेली, खडबडीत, जाड आणि संशयास्पद स्वस्त भांडी टाळा. त्यात कुठला धातू मिसळलाय ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि पातळ स्टीलचा टोप आधीच घेऊन बसला असाल तर? फेकू नका. बिर्याणीला दम देताना जाड लोखंडी तवा खाली ठेवतात, तसा ठेवा. उकळी उशिरा येईल, पण कडं उमटणार नाही. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद करा, पाक पूर्ण विरघळला की मगच पेटवा. पाक जड असतो, सरळ बुडावर जाऊन बसतो. धान्याची पिशवी बुडाला टेकत असेल तर मोदकपात्रातली भोकांची चाळण खाली घाला. चवथीला पातोळ्या वाफवून झाल्या की ती वर्षभर रिकामीच असते. उकळी फुटेपर्यंत लाकडी डवलीने तळापासून ढवळत राहा, उकळी आल्यावर वर्ट स्वतःच फिरतो. आणि लागल्याचा वास आलाच, तर दुधाचा नियम लावा. खरवडायचं नाही, ढवळायचं नाही, वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं.

उकळी येत नाही

हे दुखणं अर्धं टोपाचं, अर्धं शेगडीचं. २७ लिटर पाणी २८ अंशांवरून १०० ला न्यायला सुमारे ८,१०० किलोज्यूल लागतात. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॅटचा, त्यातलं खरं पाण्यात जातं सव्वा-दीड किलोवॅट. म्हणजे उकळायलाच पावणेदोन तास. पुढे तासाला तीन लिटर वाफ काढायची तर जवळजवळ १.९ किलोवॅट पाण्यात जायला हवं, आणि तेवढं त्या बर्नरकडे नसतंच. टोप कितीही भारी आणा, पृष्ठभागावर नुसती थरथर दिसत राहील.

यावर सगळ्यांत स्वस्त तोड म्हणजे एक मोठा टोप न घेता अठरा लिटरचे दोन घेणं. दोन बर्नर, दोन टोप, वर्ट निम्मानिम्मा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हेच सांगतो. त्यांच्याकडे बहुधा काचेची शेगडी असते, आणि तिच्यावर तीस-पस्तीस किलोचा टोप चढवणं म्हणजे काचेशी पैज. इंडक्शनवाल्यांनी जर्मलचा नाद सोडावा. त्याच्यावर ते तापतच नाही.

अंगण असेल तर केटरिंगवाल्यांची लोखंडी भट्टी-शेगडी भाड्याने मिळते. ती उघड्यावरच लावायची, बंद खोलीत नव्हे, आणि वाऱ्याला पत्र्याचा आडोसा करायचा. न्हाणीची चूल अजून शाबूत असेल तर सोन्याहून पिवळं. चिऱ्यांवर टोप पक्का बसतो, बुडाला बाहेरून राखेचा ओला लेप दिला की काजळी एका हाताने निघते. मात्र पेटत्या चुलीवर रिकामा जर्मलचा टोप क्षणभरही ठेवू नका. बूड फुगून वाकडं झालं की तो टोप पुढे आयुष्यभर डुगडुगतो.

पाण्यात सोडायचा हीटर रॉड लावून वेळ वाचवणारे असतात. नुसतं पाणी तापवताना, रॉड काढेपर्यंत पाण्याला आणि टोपाला हात न लावता, ठीक. वर्टमध्ये नको. धातूचा टोप, ओली फरशी आणि वीज यांची संगत वाईट, आणि रॉडवर साखर करपते ती वेगळीच.

उतू जातं

उकळी फुटण्याच्या बेतात प्रथिनांचा फेस वर येतो आणि दुधासारखाच दगा देतो. वीस मिनिटं टक लावून बसा, काही होत नाही. फोन घ्यायला वळा, शेगडी चिकट. इलाज मुख्यतः एकच, वरची मोकळी जागा. टोपाचा पाव भाग तरी रिकामा हवा. तीस लिटरच्या टोपात सत्तावीस लिटर घेऊन 'उतणार नाही, मातणार नाही' असा वसा घेता येत नाही. फेस चढू लागला की आच कमी करा, फवाऱ्याच्या बाटलीने गार पाणी मारा. पहिले हॉप्स टाकताना पुन्हा उसळतो, तेव्हा क्षणभर गॅस बारीक. दहा मिनिटांत फेस बसतो, मग तुम्हीही बसा.

सोळाच लिटर उरतं, किंवा मक्याचा वास येतो

ही दोन दुखणी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात. पसरट टोप घेतला की पृष्ठभाग वाढतो आणि वाफ जास्त जाते. ४५ सेंटिमीटरच्या तोंडाचा पृष्ठभाग ३६ च्या दीडपटीहून थोडा जास्त. मोठ्या भट्टीवर तासाला तीनाऐवजी साडेचार लिटर उडाले तर नवल नाही. वाफ वाचवायला माणूस झाकण ठेवतो. आणि मग बियरला उकडलेल्या कणसाचा वास येतो.

तो वास डायमिथाइल सल्फाइडचा. मॉल्टमधलं एक द्रव्य तापलं की तो तयार होत राहतो, आणि वाफेबरोबर निघूनही जातो, जाऊ दिला तर. झाकणाच्या आतून थेंब परत टोपात पडतात आणि त्यांच्याबरोबर वासही. पिल्सनर मॉल्टमध्ये हे द्रव्य जास्त असतं, म्हणून त्याला मी नव्वद मिनिटं उघड्यावर उकळतो. उकळी येईपर्यंत झाकण खुशाल ठेवा. आली की झाकण बाजूला. वाफ कमी करायची असेल तर आच थोडी कमी करा किंवा टोप उंच घ्या. व्यास आणि उंची जवळपास सारखी असलेला टोप बरा, असं मी म्हणतो ते याचसाठी.

काळा पडला, डाग पडले, धातूची चव आली

नवा जर्मलचा टोप पाणी उकळल्यावर आतून करडा-काळपट होतो आणि घरातली मोठी माणसं चिंच किंवा आगळ लावून तो चकचकीत घासून ठेवतात. मायेने करतात, पण नेमकं तेच करायचं नाही. तो करडा थर म्हणजे अल्युमिनियमचा ऑक्साइड, आणि तोच वर्ट आणि धातू यांच्यामधली भिंत. टोप आणल्यावर काठोकाठ पाणी भरून अर्धा-पाऊण तास उकळायचं, थर धरू द्यायचा, नंतर फक्त मऊ काथ्याने आणि साबणाने धुवायचं. तारेची घासणी नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच. सोडा अल्युमिनियम खातो. कुणी आधीच चकचकीत केला असेल तर पुन्हा पाणी उकळा, बस्स.

वर्ट किंचित आंबट असतो, तासाभराच्या उकळीला त्याचं काही बिघडत नाही. पण त्यात रात्रभर ठेवणं, आंबवणं नाही. कोकमाचं सार आपण जर्मलमध्ये ठेवत नाही, त्याच कारणासाठी. 'जर्मलने विसरभोळेपणा येतो' हे हमखास ऐकवलं जातं. अल्झायमरशी संबंध असल्याची शंका एके काळी घेतली गेली होती, पण भांड्यांमुळे तो आजार होतो हे सिद्ध झालेलं नाही.

स्टीलच घ्यायचं असेल तर ३०४ या प्रतीचं मागा. दुकानात ते दाखवायला लोहचुंबक लावतात, आणि तिथे गिऱ्हाईक फसतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं नव्हे. २०२ या प्रतीलाही तो चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्यावर एका पावसाळ्यात चहाच्या डागांसारखे ठिपके उठतात. कोलव्याला समुद्राजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या टोपाला झाकणाच्या कडेने असे ठिपके आले. त्याने ते घालवायला ब्लीच ओतलं. ब्लीचमधल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडले. आता त्यात तो कुंडीतलं ब्रह्मकमळ वाढवतोय.

मुलामा दिलेला, म्हणजे एनॅमलचा टोप बाजारात छान दिसतो, पण टवका उडाला की खालचं लोखंड गंजतं आणि चव धातूची येते. घरातला पाणी तापवायचा तांब्याचा भाण माळ्यावरून काढण्याचा मोह होईल. आतून हिरवं आहे का, जोडावर कुठलं डाक लावलंय, हे बघा. जुन्या डाकात शिसं असू शकतं. शंका असेल तर भाण न्हाणीतच शोभतो. पितळेला कल्हई असल्याशिवाय अन्न कळकतं, हे आजीने सांगितलेलं वर्टलाही लागू.

गार होत नाही, आणि फेस टिकत नाही

तोटी असलेला टोप घ्यावा का, असं सगळे विचारतात. पहिल्या वर्षी नको. भोक पाडून बसवलेली तोटी हमखास गळते. भरलेला गरम टोप मात्र कधीच उचलायचा नाही, दोघांनीसुद्धा नाही. त्यात पंचवीस किलो उकळतं साखरपाणी असतं आणि ते कातडीला चिकटतं. आधी अर्धं वर्ट मोठ्या डवलीने दुसऱ्या भांड्यात काढा. मग दोन्ही टोप प्लास्टिकच्या टबात, भोवती पाणी. आपल्याकडे नळाचं पाणीच तीस अंशांच्या आसपास, त्यामुळे नुसत्या पाण्याने गाडी तिथेच अडते. मी मासळीबाजारातून बर्फाची लादी फोडून आणतो आणि टबात घालतो. टबात, टोपात नव्हे, हे एकाला सांगायला विसरलो होतो. इथे जर्मलचा पुन्हा फायदा, स्टीलपेक्षा लवकर निवतं. वाफ थांबली की स्वच्छ झाकण ठेवा, चिलटं वाटच बघत असतात.

फेसाची तक्रार माझ्याकडे सर्वांत उशिरा आली. सगळं सुधारलं होतं. करप नाही, कणीस नाही, वीसला वीस लिटर. आणि ग्लासात फेस यायचा, पण मिनिटभरात विरून जायचा. पुन्हा मॉल्टवर संशय घेणार, तोच टोपाच्या काठाखाली बोट फिरवलं. बोट तुळतुळीत झालं. चवथीला वहिनीने त्यात खतखतं केलं होतं, पंचवीस माणसांचं, भरपूर नारळ घालून. भांडं घासलं होतं, पण काठाच्या वळलेल्या घडीत तेलकटपणा राहिला होता, आणि बियरच्या फेसाला तेवढा पुरतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ती घडी दोनदा घासली, पुढच्या घाण्याला फेस तळाशी शेवटचा घोट उरेपर्यंत टिकला.

भाड्याची किंवा जुनी केटरिंगची भांडी घेणाऱ्यांनी पहिल्यांदा हीच घडी तपासावी. सुक्या बोटाने.

वहिनीला टोप द्यायचा नाही असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. शुक्रवार बघून पुन्हा म्हापशाला गेलो. त्याच दुकानदाराने त्याच बेताने विचारलं, "कितल्या मनशांचें जेवण?"

"पंचवीस," मी म्हटलं, आणि तागडीकडे गेलो.